बेबीचं कॉफी टेबल

पन्नाशी उलटली तरी घरात सगळे तिला बेबीच म्हणत. बाहेर मात्र ती सिस्टर होती. एका मोठ्या इस्पितळात तिने जन्म काढला, आणि राहायलाही तिथल्याच आवारात, नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये. तिथली खाट लोखंडी, कपाट लोखंडी, लिहायचं टेबलसुद्धा लोखंडी, आणि सगळ्यांना एकच राखाडी रंग. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. "खोलीत बिननंबरी अशी मी एकटीच," असं ती हसत सांगायची.

तिची थोरली बहीण, ताई, नवऱ्याबरोबर लाँड्री चालवायची. आई लवकर गेली तेव्हापासून बेबीला ताईनेच वाढवलं होतं. वेण्या घालण्यापासून ते नर्सिंगच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत. त्यामुळे बेबीने नोकरी मुदतीआधीच सोडली आणि स्वतःचं घर घेतलं तेव्हा ताईला आनंदही झाला आणि थोडं लागलंही. तिला वाटलं होतं, बेबी आता आपल्याकडे येईल.

घर लहानच होतं. आत झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि पुढे बसायची खोली. ही पुढची खोली इतकीशी, की चार पाहुणे बसले तर पाचव्याने दारातच उभं राहावं. पण बेबी त्या खोलीवर जीव टाकायची. शेवाळी रंगाचा दोन माणसांचा सोफा तिने आणला. एक वेताची खुर्ची आणली. खिडकीशी उभा दिवा ठेवला. मधली जागा मात्र रिकामीच राहिली, कारण तिथे ठेवायचं टेबल काही तिच्या मनास येईना.

"एक टीपॉय घ्यायला किती दिवस लावशील गं?" ताई म्हणायची.

"टीपॉय नाही, कॉफी टेबल."

"या घरात कॉफी पितं कोण? तू चहाबाज, मी चहाबाज."

"मग चहाचं टेबल म्हण. पण टीपॉय म्हणू नकोस. टीपॉय म्हटलं की मला मेट्रनबाईंच्या ऑफिसातलं ते काचेचं आठवतं, खाली जुनी मासिकं कोंबलेलं."

एका दुपारी ताई आली तर बेबी जमिनीवर गुडघे टेकून बसलेली. वर्तमानपत्रं जोडून तिने एक लांबट गोल आकार कापला होता आणि चिकटपट्टीने तो फरशीवर चिकटवला होता.

"हे टेबल," ती म्हणाली. "आता हातात ट्रे धर आणि स्वयंपाकघरातून खुर्चीपर्यंत चालून दाखव."

"तुला वेड लागलंय."

"लागलंय. चाल."

ताईने ट्रे धरला. सोफ्याला वळसा घालताना तिचा पाय कागदावर पडला आणि बेबी ओरडली, "टेबलावर पाय दिलास!"

"कागद आहे तो."

"आत्ता कागद आहे. उद्या नडगी फुटली की कळेल." आणि तिने कात्रीने टेबलाची एक बाजू बोटभर कमी केली.

त्या दिवशी दोघी खूप हसल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काय झालं म्हणून. त्या बाईंनाही बेबीने ट्रे धरून चालायला लावलं.

पोटात दुखतंय असं बेबी त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हणू लागली. ताईला वाटलं पित्त असेल. बेबीला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. ती आपल्याच जुन्या इस्पितळात गेली, एकटीच तपासण्या करून आली आणि मग सरळ लाँड्रीत आली. ताई तेव्हा काउंटरवर कपड्यांना टाचणीने चिठ्ठ्या लावत होती. आत नवरा इस्त्री करत होता.

"ताई, जरा बाहेर ये."

दुकानाच्या बाजूच्या बोळात, वाफेचा पाइप जिथून बाहेर येतो तिथे, दोघी उभ्या राहिल्या. बेबीने एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलं. गाठ कुठे आहे, कुठवर पसरली आहे, काय करता येईल आणि काय केल्याने उपयोग नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, बसा. बसा म्हटल्यावरच मला कळलं. इतकी वर्षं त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं."

"दुसरीकडे दाखवू."

"रिपोर्ट मला वाचता येतो, ताई."

ताईच्या हातात अजून चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. तो तिने एवढा घट्ट दाबला की टाचणी बोटात गेली. बेबीने लगेच तिचं बोट धरलं, दाबलं आणि रक्त थांबेपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतर ताईने एकच धोशा लावला. घर बंद कर आणि आमच्याकडे ये. ताईच्या नवऱ्याने मागची खोली रिकामी केली, भिंतींना रंगसुद्धा दिला. बेबी ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. एकदा तिने विषय बदलला तो थेट टेबलावर.

"आता बरं वाटतंय तोवर जाऊन टेबल बघून येऊ."

ताईचा ताबा सुटला. "तुझं काय चाललंय बेबी? इथे आमच्या तोंडचं पाणी पळालंय आणि तुला टेबल सुचतंय?"

"मग काय सुचू दे?"

 ताईने मनात ठरवलं, ही कटकट आपणच मिटवावी. आजारी माणसाला दुकानं कशाला हिंडवायची? दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजारात गेली आणि एक टेबल घेऊन आली. भक्कम, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार जाड पाय. औषधं ठेवायला दोन खण आणि खाली पेपर ठेवायला फळी. हमालाने ते बेबीच्या बसायच्या खोलीत मधोमध ठेवलं. खोली एकदम भरून गेली. सोफ्यावर बसायचं तर गुडघे तिरके करावे लागत होते. नाकापेक्षा मोती जड.

बेबी दारात उभी राहून बघत राहिली.

"खण आहेत," ताई म्हणाली. "तुझ्या गोळ्या, थर्मामीटर, सगळं हाताशी."

बेबीने एक खण उघडला आणि बंद केला. मग खुर्चीत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी हळू होता.

"ताई, तुझे फ्रॉक मला यायचे. तुझे झाले की माझे. तुझं दप्तर, तुझी छत्री. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरंच नाही. मग क्वार्टर्समध्ये जे दिलं ते वापरलं. हे एक टेबल मला माझ्या डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं."

"मी तुला त्रास नको म्हणून..."

"ठाऊक आहे. पण त्रास होऊ दे ना मला. माझा आहे तो."

 ताईने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिला खूप राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. चहा उतू गेला. बाहेरून बेबी म्हणाली, "गॅस बंद कर आधी, मग रड." ताईने गॅस बंद केला.

ते टेबल ताईच्या नवऱ्याने उचलून नेलं. लाँड्रीत त्याच्यावर आता धुतलेल्या चादरींच्या घड्या असतात.

मग दोघी खरोखरच दुकानं हिंडल्या. बेबी थोडं चालायची, थोडं बसायची. दुकानात मांडलेल्या सोफ्यांवर ती हक्काने बसायची आणि विक्रेत्याला सांगायची, "टेबल बघायचंय, पण आधी मला पाणी द्या." काचेचं टेबल तिने पाहिल्याबरोबर नाकारलं. "काचेतून आपलेच पाय दिसतात." संगमरवराचं नको. "हात ठेवला की मुडद्यासारखं गार." ताई चमकली, तशी बेबी म्हणाली, "अगं, धंद्यातला शब्द आहे माझ्या." एकात एक सरकणारी तीन टेबलं एका पोराने मोठ्या उत्साहाने उघडून दाखवली. बेबीने ती कौतुकाने पाहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "छान होती, पण बाहेर काढून आत कोण ढकलणार? मी नाही ढकलणार."

संध्याकाळ होत आली तेव्हा एका गल्लीतल्या लहानशा दुकानाच्या काचेत तिला ते दिसलं. लांबट गोल, गडद लाकडाचं. पाय बारीक आणि खाली जाताना किंचित बाहेर झुकलेले, जसं एखादं वासरू पहिल्यांदा उभं राहताना पाय फाकवतं. ना खण, ना फळी. कडा इतक्या गुळगुळीत होत्या की बेबीने आत जाऊन त्यांच्यावरून एक पुरा वळसा हात फिरवला, आणि हात परत निघाला त्या जागी आला तेव्हा ती हसली.

"हे," ती म्हणाली.

"याच्यावर ठेवणार काय?" ताईने विचारलं. "काही मावायचं नाही."

"काही नाही ठेवायचं. कोणी आलं तर कप. गेलं की मोकळं."

दुकानाची मालकीण पोक्त बाई होती, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिने सांगितलं की हा नमुना आहे, विकायचा नाही. कारखान्यात नवं करून घ्यावं लागेल, पॉलिश वाळायला वेळ लागतो, दीड-दोन महिने धरा.

"चालेल," बेबी म्हणाली. "चांगल्या वस्तूला वेळ लागतोच." आणि तिने पत्ता लिहून दिला.

घरी जाताना रिक्षात बेबीला झोप लागली. तिचं डोकं ताईच्या खांद्यावर होतं. ते किती हलकं झालंय हे ताईला त्या रिक्षात पहिल्यांदा कळलं.

दोन दिवस ताई कामात होती, पण तिचं लक्ष नव्हतं. एका वकिलाचा काळा कोट तिने दुसऱ्याच गिऱ्हाइकाला बांधून दिला. नवरा म्हणाला, "काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही." तिसऱ्या दिवशी ती दुपारी कोणाला न सांगता त्या गल्लीत गेली.

"ते काचेतलं टेबल मला आजच द्या," ती मालकिणीला म्हणाली.

"अहो, सांगितलं ना, नमुना आहे तो. शिवाय ऊन लागून त्याच्या एका बाजूचा रंग उडालाय. तुमचं नवं येईल की."

"रंग उडालेलं चालेल."

"तुम्हाला चालेल, पण त्या पारखी बाईंना चालणार नाही. त्यांनी किती बारकाईने पाहिलं! थोडं थांबा. एवढी काय घाई?"

 आजवर ताई हे कोणाशीच बोलली नव्हती. नवऱ्याशी बोलताना ती 'आजार' म्हणायची, शेजारणींना 'तब्येत' सांगायची. सरळ शब्द आता एका अनोळखी बाईसमोर बाहेर पडले.

"माझी बहीण फार दिवस राहणार नाही."

मालकिणीने चष्मा डोळ्यांवर चढवला, मग पुन्हा काढला.  मागच्या माणसाला हाक मारून ती म्हणाली, "काचेतली सगळी मांडणी काढा. ते टेबल नीट पुसा आणि गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढवा." मग ताईला म्हणाली, "बसा जरा. पाणी घ्या." बसा हा शब्द ऐकला आणि ताई खरोखरच खाली बसली.

टेबल त्याच संध्याकाळी बेबीच्या घरी पोचलं. बरोब्बर त्या कागदाच्या जागी बसलं. बेबीने एकदा पुढून पाहिलं, एकदा बाजूने पाहिलं. खिडकीकडच्या कडेचा फिका पट्टा तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"ताई, हे दुकानातलंच आहे. नवं नाही."

"लवकर मिळालं."

"तू काय सांगितलंस तिला?"

ताई गोणपाटाची घडी घालत राहिली. बेबी जवळ आली आणि तिने ते गोणपाट ताईच्या हातातून काढून घेतलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतरी त्या दीड महिन्याला मी उगीचच हो म्हटलं होतं. दुकानात खोटं बोलायची मला सवय नाही. रुग्णाला धीर द्यायला बोलायची सवय आहे."

त्यानंतरचे काही आठवडे चांगले गेले, असं ताई अजूनही म्हणते. चांगले म्हणजे दुखणं होतंच, पण घर भरलेलं होतं. ड्यूटी सुटल्या सुटल्या जुन्या वॉर्डातल्या पोरी यायच्या, बूट दाराशी काढून सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या. डॉक्टरांच्या नकला व्हायच्या. एकजण मेट्रनबाईंची चाल करून दाखवायची, तेव्हा बेबी पोट धरून "हसवू नका गं, दुखतं" म्हणायची आणि तरी पुन्हा करायला सांगायची. टेबलावर कप दाटीवाटीने बसायचे. एकीने ओला कप तसाच ठेवला आणि लाकडावर गोल डाग उमटला. ती बिचारी पदराने पुसायला लागली. बेबी म्हणाली, "राहू दे. वापरायलाच आणलंय."

ताईचा नवरा आला की बेबी त्याला मुद्दाम वेताच्या खुर्चीत बसवायची. "भाऊजी, खरं सांगा, कसं दिसतं?"

तो फार बोलणारा माणूस नव्हता. तो टेबलाकडे बघून म्हणाला, "आमच्या घरात असं काही नाही."

"हे सर्टिफिकेट झालं," बेबी म्हणाली.

ताईच्या घरी ती शेवटपर्यंत गेली नाही. ताईच इकडे राहायला आली. वॉर्डातल्या मुलींनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या. इंजेक्शन, सलाइन, अंग पुसणं, सगळं त्याच बघत. बेबीला आतल्या खोलीत झोपायचं नव्हतं म्हणून सोफ्यालाच उशा लावून तिचं अंथरूण केलं. ती पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडायची आणि एक हात टेबलाच्या कडेवर ठेवायची. पुढे पुढे बोलणं कमी झालं. कधी डोळे उघडून खोली बघायची. सोफा, खुर्ची, दिवा, टेबल. पुन्हा डोळे मिटायची.

"काही हवंय का गं?" ताई विचारायची.

"नाही. सगळं आहे."

गेली ती एका दुपारी. ताई आत कप विसळत होती. बाहेरून पाळीवरच्या मुलीने "ताई" अशी हाक मारली, आणि त्या हाकेतच सगळं होतं. ताई ओल्या हातांनीच बाहेर आली.

घर काही महिन्यांनी रिकामं करावं लागलं. सोफा वॉर्डातल्या एका मुलीने नेला, तिचं लग्न ठरलं होतं. वेताची खुर्ची खालच्या बाईंनी मागून घेतली. दिवा, भांडी, चादरी, एकेक गेलं. ताई सगळं कोरड्या डोळ्यांनी देत होती. बेबी गेली त्या दिवशीही ती रडली नव्हती. लोकांनी धीराची बाई म्हणून तिचं कौतुक केलं. तिला स्वतःलाच त्याची भीती वाटत होती, की आपल्या आत काहीतरी कायमचं आटलंय.

टेबल कोणी मागितलं तर ती म्हणायची, "ते दिलंय." कोणाला दिलंय ते सांगत नसे. टेबल बेबीच्या रिकाम्या खोलीत तसंच उभं होतं. ताईच्या घरात जागा नव्हती. तिथे मोठा सोफासेट, टीव्हीचं कपाट आणि नवऱ्याची मागे रेलायची खुर्ची. त्या खुर्चीत तो रोज दुकान बंद करून आल्यावर पाठ टेकायचा. दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून त्याची कंबर धरायची.

एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "चल, टेबल घेऊन येऊ."

"कुठे ठेवणार?"

त्याने बोट दाखवलं. रेलायची खुर्ची तिथे नव्हती. ती त्याने आदल्या रात्रीच लाँड्रीत नेऊन ठेवली होती. "दुकानात जास्त उपयोगी आहे," तो म्हणाला.

त्यांनी टेबल टेम्पोतून आणलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. दोघंही आता तरुण नव्हती. तो पुढून, ती मागून, असं करत ते जिना चढू लागले. झुकलेले पाय कठड्याला अडकत होते, वळणावर टेबल उभं करावं लागत होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. "थांब," तो म्हणाला, आणि टेबल त्यांनी जिन्याच्या मधल्या सपाट जागेवरच टेकवलं. तो एका बाजूच्या पायरीवर बसला, ती दुसऱ्या बाजूच्या. मध्ये टेबल.

वरून शेजारच्या आजी पिशवी घेऊन उतरत होत्या. वाट अडलेली पाहून त्या थांबल्या. त्यांनी टेबलावर हात ठेवला.

"अगंबाई, किती देखणं आहे! नवीन घेतलंत का?"

"नाही," ताई म्हणाली. "माझ्या बहिणीचं आहे. तिने निवडलंय."

एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आधी आवाज न होता, मग आवाज करून, लहान मूल रडतं तसं.  नवऱ्याने टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा हात धरला. आजींनी पिशवी खाली ठेवली, कठडा धरून सावकाश वाकल्या आणि ताईच्या शेजारी पायरीवर बसल्या.